अडत, एजंट आणि आजारपण : वऱ्हाडातल्या विम्याची गोष्ट

२२ सप्टेंबर २०२५ पासून आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. अकोल्यात त्या आठवड्यात ज्यांच्या ज्यांच्याकडे पॉलिसी होती, ते खूश होते. तीस हजारांच्या हप्त्यावर ५,४०० रुपये वाचणार, हा हिशेब कुणालाही करता येत होता. आमच्या ओळखीचे एक जुने एजंट मात्र चहाचा कप तसाच ठेवून बसले होते. म्हणाले, "तुमचे वाचले ना सर, ते आमच्यातून कापले."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एजंटच्या कमिशनवरचा कर पूर्वी कंपनीच भरायची आणि ग्राहकाकडून घेतलेल्या जीएसटीत तो वळता करून घ्यायची. ग्राहकाचा कर गेला, तशी वळतं करून घेण्याची सोयही गेली. हा भार कुणी उचलायचा? अनेक कंपन्यांनी कमिशनची रक्कम कर धरूनच मोजायला सुरुवात केली. म्हणजे साडेचार हजारांच्या कमिशनमधून एजंटच्या हाती सुमारे ३,८०० पडणार. एका पॉलिसीमागे सातशे रुपये. वर्षाला दोनशे पॉलिसी सांभाळणाऱ्या माणसाला हे कमी नाही.

त्यांच्याशी बोलताना वाटलं, हा वाद आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. मधल्या माणसाने किती घ्यावं, कुणाकडून घ्यावं आणि ते ठरवायचं कुणी, यावर आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. फक्त तेव्हा माल कापूस होता.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं कापसाच्या गाठींची झाली. शेतकऱ्याची गाडी बाजारात शिरली की तिच्याभोवती दलाल, अडत्या, मापारी, हमाल असे सगळे जमत. अडत वेगळी, हमाली वेगळी, धर्मादाय वेगळा, वजनातला कडता वेगळा. भाव काय ठरला आणि हातात काय आलं, याचा मेळ शेतकऱ्याला लागत नसे. शेवटी हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने १८८६ साली कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा, म्हणून हुकूम रेसिडेंटचा. १८९७ मध्ये त्याचाच पुढे बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ झाला. दलालाला, मापाऱ्याला परवाना लागू लागला. पुढे मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा केला, तेव्हा डोळ्यासमोर वऱ्हाडचाच नमुना होता.

हे सगळं अभिमानाने सांगण्यासारखं आहे, पण त्यात एक खोच होती. बाजार चालवणाऱ्या समितीत पाच माणसं. दोन नगरपालिकेची आणि तीन कापूस व्यापाऱ्यांची. ज्याचा कापूस, त्याचा एकही नाही. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नेमकं यावरच बोट ठेवलं. मधल्या माणसाला लगाम घालायचा कायदा झाला खरा, पण लगाम मधल्या माणसांच्याच हातात राहिला. अडत कुणी भरायची हा प्रश्न तर २०१६ पर्यंत रेंगाळला. त्या वर्षी जुलैत सरकारने फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली आणि व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले.

विम्याचा एजंट हा त्या अडत्याचा शहरी चुलत भाऊ. फरक एवढाच, की अडत्याचा माल समोर ढिगाने पडलेला असतो. एजंट जे विकतो ते कागदावरचं वचन असतं, आणि ते खरं की खोटं हे कळायला कधी कधी वीस वर्षं लागतात. म्हणून त्याच्या कमिशनचा प्रश्न अडतीपेक्षा अवघड.

मराठी मुलखात विमा तसा लवकर आला. साताऱ्याला १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. स्वदेशीच्या लाटेत गावोगाव कंपन्या निघाल्या. काही नीट चालल्या, काही बुडाल्या. नवीन कंपनीला ग्राहक हवे असत, ग्राहक एजंटकडे असत. मग एजंट आपल्याकडे वळावा म्हणून कमिशन वाढव, आणि एजंटने ग्राहक वळावा म्हणून आपल्या कमिशनमधलाच तुकडा त्याला परत दे, असा खेळ चाले. पहिला हप्ता भरून पुढचे न भरणारे ग्राहक त्यातूनच निपजत. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटला परवाना सक्तीचा केला, कमिशनला कमाल मर्यादा घातली आणि कलम ४१ मध्ये ही परतफेड बेकायदा ठरवली. ते कलम आजही आहे, दंड दहा लाखांपर्यंत गेलाय, आणि तरीही 'पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा' हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही बहुधा महाराष्ट्रात राहत नाही.

१९५० च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्याचे आकडे स्थिरावले. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, त्यानंतर पाच. मग १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. दीड महिन्यापूर्वीच फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या विमा कंपनीतला गैरव्यवहार उघडा केला होता. २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. देशमुख तोवर मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. आणि आपलं वऱ्हाड एलआयसीच्या जन्मानंतर बरोबर दोन महिन्यांनी मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलं.

कंपन्या गेल्या, पण एजंट राहिला. राष्ट्रीयीकरणातली ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मालकी सरकारची झाली आणि विक्री मात्र कमिशनवरच चालली, तीही त्याच आकड्यांवर. ही रचना इतकी घट्ट बसली की ती हलायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. मध्येच पॉलिसी सोडणाऱ्याला जास्त पैसे परत द्यावेत, असा नवा नियम आला आणि एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणलं, नूतनीकरणाचं पाचावरून साडेसात केलं. एजंटांनी निषेध केला. मला स्वतःला हा बदल बरा वाटतो. ज्याची कमाई पहिल्याच वर्षी संपते, त्याला दहाव्या वर्षी तुमच्या घरी यायचं कारण उरत नाही.

आमच्या मोहल्ल्यांत हा एजंट फार उशिरा आला. त्याची दोन कारणं. एक म्हणजे धर्माचं. विम्यात सूद आहे, जुगाराचा अंश आहे, उद्याचं कुणाला ठाऊक नाही त्यावर सौदा आहे, असं आमची वडीलधारी मंडळी सांगत. ही चर्चा फार जुनी आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन, ज्यांचा इंतकाल १८३६ साली झाला, यांनी समुद्री विम्यावर लिहिलं आहे. त्यांच्या वर्णनात परदेशी विमेदाराचा एक वकील बंदरात राहतो, व्यापाऱ्यांकडून रक्कम गोळा करतो आणि माल बुडाला तर भरपाई देतो. वाचताना हसू येतं. आमच्या परंपरेत विम्याची पहिली मोठी चर्चा होते, तीच मुळी एजंटसकट. त्यांनी ती भरपाई नाजायज ठरवली. जेद्दाहच्या फिक्ह अकॅडमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाकारला आणि एकमेकांच्या सहकार्यावर चालणारा मान्य केला. इकडे हिंदुस्तानात, लखनौच्या नदव्यातील मजलिस-ए-तहकीकात-ए-शरियाने डिसेंबर १९६५ मध्ये गरज आणि परिस्थिती पाहून मुभेचा मार्ग काढला. पुढे दंगलींत दुकानं जळत राहिली, तशी उलेमांच्या भाषेतली सक्ती आणखी सैल झाली. अकोला आणि अमरावतीत ज्यांनी कर्फ्यू पाहिलेत, त्यांना याचं स्पष्टीकरण द्यायला नको.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर आपण बोलत नाही. एजंटला आमच्या गल्लीत यायचं कारणच नव्हतं. कमिशन हप्त्याच्या टक्क्यात मोजलं जातं. ऑइल मिलमधल्या हमालाचा, गॅरेजवाल्याचा, बिडी वळणाऱ्या बाईचा हप्ता केवढा? त्याचे पंधरा टक्के केवढे? त्यासाठी चार चकरा कोण मारणार? एजंट जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडे जाई, एसटीच्या कंडक्टरकडे जाई, जिथे पगारातून हप्ता कापला जातो. आमच्या घरी तो आला, कारण अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. शेजारच्या सहा घरांत तो कधी गेला नाही. तिथे भिशी होती, सोनं गहाण ठेवणं होतं, आणि आजारपण आलं की मशिदीत जुम्म्याच्या नमाजनंतर पसरलेला रुमाल होता. 'मुसलमान विमा घेत नाहीत' हे वाक्य बोलणाऱ्याने आधी विचारावं, त्यांना तो विकायला कोण गेलं होतं.

आता आजारपणाचा विमा. सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून झालं आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. त्या चौघींनी १९८६ साली मेडिक्लेम आणला. आधी तुम्ही पैसे भरा, मग बिलं लावा, मग वाट पाहा, अशी त्याची रीत. विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं २००० साली, आणि हळूहळू आरोग्याच्या स्वतंत्र कंपन्या आल्या. अकोल्यात टॉवर चौकाच्या आसपास त्यांच्या पाट्या लागल्या, अमरावतीत राजकमल आणि राजापेठेकडे. आयुर्विम्याचे जुने एजंट एक दिवस येऊन म्हणाले, "सर, आता हे बी घेऊन टाका."

अब्बांनी घेतली. फॉर्म एजंटकाकांनीच भरला. अब्बांना साखर होती, तेव्हा फार नव्हती, गोळी अर्धीच होती. त्यांनी ते सांगितलंही. मी तिथेच होतो. एजंटकाका म्हणाले, "तिथं 'नाही' लिहून टाकू. साखर आता कोनाले नसते? उगाच हप्ता वाढून जाईन." त्यांच्या मनात कपट होतं असं मला आजही वाटत नाही. पॉलिसी अडली तर त्यांचं कमिशन अडणार होतं, आणि अब्बांचा हप्ता वाढणार होता. दोघांचाही फायदा एका 'नाही'त होता.

सहा वर्षं हप्ता भरला. २०१३ साली अब्बांच्या हृदयाची एक नस बंद निघाली आणि त्यांना नागपूरला न्यावं लागलं. दावा नाकारला गेला. कारण एका ओळीचं होतं, पूर्वीचा आजार लपवला. मी एजंटकाकांकडे गेलो, तर ते माझ्याआधीच रडवेले. सही अब्बांची होती, अक्षर त्यांचं होतं, आणि कंपनीच्या दृष्टीने ते अक्षर अस्तित्वातच नव्हतं. लोकपालाकडे जाता आलं असतं. अब्बा म्हणाले, सोड. आम्ही अम्मीच्या बांगड्या मोडल्या.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. एजंट कुणाचा? कायद्याने तो कंपनीचा. त्याला परवाना कंपनीमार्फत, पैसे कंपनीकडून. पण आपण त्याला आपला समजतो, कारण तो ईदला शीरखुर्मा प्यायला येतो. २०२४ पासूनच्या नियमांत सलग पाच वर्षं हप्ता भरलेल्या पॉलिसीला, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही एवढ्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. आधीच्या आजारासाठीची जास्तीत जास्त मुदतही चार वर्षांवरून तीनवर आली. अब्बांची सहा वर्षं झाली होती. असो.

विकणाऱ्याच्या पैशाचं मात्र उलट झालं. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर एजंटला जास्तीत जास्त १५ टक्के, ही मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून उठली. आता प्रत्येक पॉलिसीला वेगळी मर्यादा नाही. कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाला मर्यादा आहे, सर्वसाधारण कंपनीला ३० टक्के, फक्त आरोग्याचं काम करणारीला ३५. त्या आत कुणाला किती द्यायचं ते कंपनी ठरवणार. याचा परिणाम उघड आहे. मोठ्या बँका, मोठ्या वेबसाइट, मोठे दलाल यांच्याकडे गठ्ठ्याने ग्राहक आहेत, म्हणून त्यांना जास्त मागता येतं. मूर्तिजापूरच्या एकट्या एजंटला मागता येत नाही. कारंज्याच्या समितीत शेतकरी नव्हता, तसा इथे छोटा एजंटही नाही आणि ग्राहकही नाही. आता कमिशन पुन्हा बांधावं, पहिल्या वर्षाऐवजी ते पॉलिसीच्या सगळ्या वर्षांत पसरावं, अशी चर्चा सुरू आहे.

अमेरिकेने या वाटेवर आधी पावलं टाकली आहेत. तिथे १९६५ सालापासून वृद्धांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे, आणि आता निम्म्याहून अधिक वृद्ध तिच्या खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या शाखेत आहेत. तिथे कमिशन टक्क्यात नसून रकमेत बांधलेलं आहे, आणि त्याची कमाल सरकार दरवर्षी जाहीर करतं. २०२५ साठी बहुतेक राज्यांत नव्या ग्राहकामागे ६२६ डॉलर, नूतनीकरणाला त्याच्या निम्मे. तरी कंपन्यांनी 'प्रशासकीय खर्च' म्हणून वरून पैसे देण्याची वाट काढली. सरकारने २०२४ मध्ये ती बंद करायचा नियम केला, तर टेक्सासच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आणखी गंमत पुढे आहे. ज्या योजनांत वृद्ध जास्त आजारी पडू लागले, त्या योजना विकण्याबद्दल काही कंपन्यांनी एजंटला काहीच द्यायचं बंद केलं. योजना बाजारात आहे, पण तिच्याबद्दल सांगायला कुणी येत नाही. म्हणजे कमिशन हा नळ आहे, हवा तेव्हा उघडायचा, हवा तेव्हा बंद. आमच्या गल्लीपुरता तो पहिल्यापासूनच बंद होता.

मग एजंटशिवाय विमा चालतच नाही का? चालतो, आणि उदाहरण आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा चालवला. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. मोठ्या शेतकऱ्याने जास्त, मजुराने कमी, आणि उपचार मात्र सगळ्यांना सारखे. गावातली पाऊणएक कुटुंबं सामील झाली तरच गावाला योजना, म्हणजे फक्त आजारी माणसांनी नावं नोंदवायची सोय नाही. अचानक आलेल्या आजाराला रुग्णालयात पैसे नाहीत, ठरवून करायच्या उपचाराला थोडे. विकणारा कुणी नाही. गावसभाच विकणारी, गावसभाच घेणारी. जेद्दाहला १९८५ साली ज्या सहकार्याच्या विम्याबद्दल उलेमा बोलत होते, तो इथून दोन तासांवर ज्वारीच्या पायलीत मोजला जात होता आणि आम्हाला त्याची खबर नव्हती.

सरकारी योजनेतही एजंट नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं, अकोला नव्हतं. अकोल्याला ती मिळाली २१ नोव्हेंबर २०१३ ला. मधले सोळा महिने दर्यापूरचा पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाला पात्र होता आणि लागून असलेल्या मूर्तिजापूरचा नव्हता. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली. २०२० मध्ये सरकार विमा कंपनीला एका कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये भरत होतं. त्यात कुणाचं कमिशन नाही. दीड लाखाचं संरक्षण २०२४ च्या जुलैपासून पाच लाख झालं, आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली.

पण एजंट नाही म्हटल्यावर सांगणाराही नाही. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, तो रुग्ण तिथे पोचल्यावर. कोणत्या रुग्णालयात जायचं, कोणता आजार यादीत आहे, हे घरून निघण्याआधी सांगायला कुणी नसतं. सर्वोपचारच्या आवारात किंवा इर्विनच्या फाटकाशी तासभर उभे राहा. 'माझी ओळख आहे, काम करून देतो' म्हणणारा भेटेल. अडत्या काढून टाकला की बाजारात बिनपरवान्याचा दलाल येतो, हे वऱ्हाडने १८९७ च्या आधीच पाहिलं होतं. मला विचाराल तर सांगणाऱ्या माणसाला पैसे मिळायलाच हवेत. ते विक्रीचे नकोत, सांगण्याचे हवेत. दावा मिळवून देण्याचे असतील तर आणखी चांगलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्ड सुरू झालं. अब्बांचं कार्ड मी घरीच मोबाइलवर काढलं. ही बातमी कशी कोण जाणे एजंटकाकांपर्यंत गेली. ते आता चौऱ्याहत्तरचे आहेत. एका संध्याकाळी काठी टेकत आमच्याकडे आले, आधार कार्ड पुढे केलं आणि अब्बांशेजारी पलंगावर बसले. ओटीपी त्यांच्या मुलाच्या फोनवर जात होता आणि मुलगा पुण्यात होता, म्हणून बराच वेळ गेला. मध्येच त्यांनी विचारलं, "साखरेचं काय लिहिलं?"

मी म्हटलं, "काका, यात तो रकानाच नाही."

ते अब्बांकडे पाहत राहिले. अब्बा म्हणाले, "चाय पियो."